झिजायचं कुणी?

वल्हं ज्या खुंटीला टेकून फिरतं, ती बाभळीची खुंटी नेहमी एकाच अंगानं खपते. नावाडी जिकडं जोर लावतो ती बाजू आधी चपटी होते, मग तिला खाच पडते. खाचेवरून बोट फिरवलं तर लाकूड गुळगुळीत लागतं आणि कडेला रुतलेले वाळूचे कण टोचतात. खाच खोल झाली की वल्हं खटखटायला लागतं. आता नवी खुंटी पुन्हा लाकडाचीच तासायची, की लेथवर प्लॅस्टिकची काढायची?

या प्रश्नावर भांडणारी दोन माणसं पुढं भेटतील. त्यांचा संवाद रचलेला आहे, मुद्दे मात्र खरे आहेत. एक आहे मिस्त्री. सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठचा, भिलवडी-औदुंबरच्या बाजूला नावा दुरुस्त करत म्हातारा झालेला. दुसरा टर्नर. साताऱ्याच्या एमआयडीसीत त्याचं दोन लेथचं वर्कशॉप आहे आणि आजोळ कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावातलं. दोघांचं नातं काही नाही, पण टर्नर त्यांना मामा म्हणतो आणि मामाही त्याला हक्कानं झापतात.

भेट झाली बामणोलीच्या काठावर, मे महिन्यात. कोयना धरणाचं काम १९६४ च्या सुमारास पुरं झालं आणि त्यामागच्या शिवसागर जलाशयाचं पाणी डोंगरांच्या खोबणीतून पन्नासेक किलोमीटर आत शिरलं. बामणोली, तापोळा ही नावं पर्यटकांना वासोटा किल्ल्याच्या वाटेमुळं माहीत झाली. पलीकडच्या गावांना लाँच ही बाजाराला, शाळेला आणि दवाखान्याला जायची गाडी आहे. उन्हाळ्यात पाणी मागं हटतं, होड्या चिखलात टेकतात आणि दुरुस्तीला हात घालता येतो.

“मामा, ह्या खुंटीच्या जागी डेलरिन प्लॅस्टिकची बसवू,” टर्नर म्हणाला. “मग कित्येक वर्षं बघायला नको.”

“खुंटीकडं बघायला नको, खरं वल्ह्याकडं बघायला लागंल,” मिस्त्री म्हणाले. “वल्ह्याच्या गळ्याला आम्ही कातडं गुंडाळतोय. आधी कातडं खपतं, मग खुंटी, वल्हं सगळ्यांत शेवटी. खुंटी मी चहा व्हायच्या आत तासतो. वल्हं तासायला सागाची फळी लागती, ती आणायची कुठनं? तुझी खुंटी कडक. ती खपणार न्हाई म्हणजे दुसऱ्याला खपवणार.”

“इथंच चुकताय. डेलरिन कडक नाही, निसरडं आहे. नखानं दाबलं तर लोखंडासारखं वाटत नाही. घर्षणच कमी, म्हणून ते स्वतःही कमी खपतं आणि समोरच्यालाही कमी खपवतं.”

टिकाऊ म्हणजे कडक ही समजूत फार जुनी आहे आणि वर्कशॉपातही ती भेटते. एकमेकांवर घासणाऱ्या दोन भागांचं आयुष्य मात्र नुसत्या कडकपणावर ठरत नाही. मध्ये काय आहे, पाणी की तेल की वाळू, यावरही बरंच ठरतं. मिस्त्रींनी नेमकं तेच धरलं.

“आन् वाळू? कृष्णेच्या पुराचं पाणी म्हणजे निम्मी माती. ते कण तुझ्या मऊ प्लॅस्टिकात रुतले की त्याची कानस झाली. मग ती कातडं खाईल, वल्हं खाईल, लाँचचा शाफ्टसुद्धा खाईल.”

टर्नर क्षणभर गप्प राहिला, कारण हे खरं आहे. मऊ बुशमध्ये, म्हणजे शाफ्टभोवतीच्या नळीत, रुतलेला कण बुशला फारशी इजा करत नाही. समोर फिरणाऱ्या शाफ्टवर मात्र तो रेघ ओढत राहतो. गढूळ पाण्यात फिरणाऱ्या शाफ्टसाठी इंजिनिअरांनी म्हणूनच आतून लांबीच्या दिशेनं खोबणी काढलेली रबरी बेअरिंगं वापरली. कण रबराला दाबून पुढं घरंगळतो, खोबणीत पडतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. नदीतून पाणी उपसणाऱ्या उभ्या टर्बाइन पंपांतही हीच युक्ती असते. लेथवर प्लॅस्टिकचा बुश काढताना आत अशी चार-सहा खोबणी पाडणं अवघड नाही. पाडायची आठवण मात्र राहायला हवी, कारण ड्रॉइंगवर नुसतं गोल भोक काढलेलं असतं.

“लाँचच्या शाफ्टला तुम्ही काय घालायचा?” टर्नरनं विचारलं.

“गन मेटलचा बुश, ग्रीस, आन् मागं पाणी आत येऊ नये म्हणून ग्लँडची दोरी.”

“ते ग्रीस कुठं जातं? पाण्यात. खाली कुणाच्या तरी हंड्यात. माझ्या बुशला ग्रीस लागत नाही, पाणीच त्याचं वंगण.”

इथं मिस्त्रींच्या हातात एक हुकुमाचं पान होतं, त्यांना ते ठाऊक नव्हतं इतकंच. पाण्यानं वंगण होणारं बेअरिंग प्रथम नावारूपाला आलं ते लाकडाचं. १८५० च्या दशकात आगबोटींना मागं पंखा बसायला लागला, तेव्हा पितळेची बेअरिंगं समुद्राच्या पाण्यात भराभर खपू लागली. जॉन पेन या इंग्लिश इंजिनिअरनं त्या जागी लिग्नम व्हायटी या लाकडाच्या पट्ट्या बसवल्या. मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांवरचं हे झाड. त्याचं लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं, आणि अंगातच राळ असल्यानं ते स्वतःला वंगण करतं. पुढं शतकभर जगातल्या मोठ्या जहाजांचे शाफ्ट याच लाकडात फिरले. अमेरिकेच्या ‘नॉटिलस’ या पहिल्या अणुपाणबुडीतही ते होतं. नंतर झाडं विरळ झाली, व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधनं आली आणि प्लॅस्टिकं त्या जागी शिरली. म्हणजे टर्नर ज्या गुणाची फुशारकी मारत होता तो मुळात एका झाडाचा गुण होता. लाकूड हरलं ते मुख्यतः मिळेनासं झालं म्हणून.

मिळण्याचा प्रश्न बामणोलीलाही आहेच. १९६४ साली महाराष्ट्रानं वृक्षतोडीचं नियमन करणारा कायदा केला. सागासारखं झाड स्वतःच्या बांधावर असलं तरी तोडायला परवानगी लागते. शिवसागराभोवतीचं रान १९८५ पासून कोयना अभयारण्यात आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथलं लाकूड आणायचा विचारही नको. बाभळ अजून मिळते, पण सुतारानं जुन्या काळी निवडलेलं जून, गाभ्याचं, बिनगाठीचं खोड आता वखारीत सहज सापडत नाही. मिस्त्री हे मान्य करतात. तक्रार करतात ती चांगल्या लाकडाची जागा कोणतंही प्लॅस्टिक घेईल असं धरून चालण्याबद्दल.

“कोणतंही कसं? नायलॉन वेगळं, डेलरिन वेगळं, यूएचएमडब्ल्यू वेगळं.”

“मग माझ्या पाहुण्याच्या लाँचला कुणी नायलॉनचा बुश घातलेला, तो पावसाळ्यात शाफ्टला आवळून का बसला?”

“पाणी प्यायला म्हणून.”

नायलॉनबद्दल हे सांगावंच लागतं, कारण दुकानात प्लॅस्टिकचा रॉड मागितला की बहुधा नायलॉनच पुढं येतो. नायलॉन सहा हा नेहमीचा प्रकार बराच काळ पाण्यात राहिला तर वजनाच्या आठ-नऊ टक्क्यांपर्यंत पाणी शोषतो आणि फुगतो. बाहेरून बुश घट्ट बसवलेला असला की फुगायला जागा आतच उरते. भोक लहान होतं आणि शाफ्ट अडकतो. डेलरिन, म्हणजे ॲसिटल, एक टक्क्याच्या आतबाहेर पाणी घेतं. यूएचएमडब्ल्यू हे पॉलिथिलीनच्या घराण्यातलं. ते जवळजवळ घेतच नाही. शंका असेल तर कातलेला तुकडा बादलीत टाकावा. तरंगला तर पॉलिथिलीन, बुडाला तर नायलॉन किंवा ॲसिटल. एवढी परीक्षा काठावरही होते.

फुगण्याचा विषय निघाला तसे मिस्त्री खुलले. “लाकूडबी फुगतं. आडवं फुगतं, उभं न्हाई. उन्हात वाळलेली नाव पाण्यात लोटली की पहिल्या दिवशी सांध्यासांध्यातनं पाझरती. दोन दिवस बुडवून ठेवली की फळ्या एकमेकींना भिडतात आन् पाणी बंद. तुझं न फुगणारं प्लॅस्टिक तळाला लावून बघ.”

ते बरोबर आहे. बुशमध्ये जो दोष तोच होडीच्या तळात गुण. म्हणून तळाच्या फळीत प्लॅस्टिकची ठिगळं घालणारा आणि शाफ्टला नायलॉन घालणारा, दोघंही एकाच गोष्टीचा विचार न केल्यानं फसतात.

टर्नरनं पिशवीतून पांढऱ्या रॉडचा तुकडा काढला. त्याच्या मते हे यूएचएमडब्ल्यू मिरजेच्या दवाखान्यांत रोज माणसांच्या अंगात बसतं, आणि त्यात अतिशयोक्ती नाही. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल उभारलं तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचं झालं. आज कर्नाटकातूनही लोक तिथं सांधे बदलायला येतात. खुब्याच्या कृत्रिम सांध्यातली वाटी बहुतेक वेळा याच घराण्यातल्या पॉलिथिलीनची असते. तिची गोष्ट मिस्त्रींच्या बाजूनंही बोलते. इंग्लंडमधले सर्जन जॉन चार्नली यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस या वाट्या टेफ्लॉनच्या केल्या. टेफ्लॉनइतकं निसरडं काही नाही, मग सांध्याला याहून चांगलं काय, असा तो हिशेब. काही वर्षांतच त्या वाट्या झिजल्या, झिजलेला भुगा आसपासच्या पेशींना बाधला आणि शेकडो रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करायची पाळी आली. १९६२ साली त्यांनी पॉलिथिलीन घेतलं. ते त्यांच्यापर्यंत आलं होतं लँकेशायरच्या कापड गिरण्यांना यंत्रमागाचे भाग विकणाऱ्या एका विक्रेत्याकडून.

“मागाचं म्हणशील तर विट्यात मी बघितलंय,” मिस्त्री म्हणाले. “धोट्याला ठोसा मारणारा पिकर पूर्वी म्हशीच्या कातड्याचा असायचा. आता प्लॅस्टिकचा.”

“मग?”

“मग काय? खपायचा पिकरनंच, धोट्यानं न्हाई. तिथं तरी हे लोकांना कळलंय.”

विट्याच्या यंत्रमागवाल्यांनी हा बदल मोठ्या चर्चेशिवाय पचवला, कारण पिकर स्वस्त, सुटा आणि बदलायला सोपा भाग आहे. होडीवाल्यांनी त्यांच्याकडून शिकावं असं काही असेल तर हेच. मिरजेतच दुसरं उदाहरण आहे, आणि ते इतकं सरळ नाही. सतार-तंबोऱ्याची घोडी पूर्वी सांबरशिंगाची असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी ते बंद झालं. आता हाड, शिसव आणि कृत्रिम साहित्य वापरतात. कृत्रिम घोडीवर तारेची खाच पडायला वेळ लागतो, जवारी जास्त दिवस टिकते, आणि तरीही नाद कोरडा वाटतो म्हणून नाक मुरडणारे कारागीर आहेतच. होडीच्या खुंटीला नाद नसतो, हे टर्नरचं नशीब.

नव्या साहित्याला झालेल्या विरोधाचा इतिहास निघाला की सांगली जिल्ह्यात एक दाखला टाळताच येत नाही, आणि टर्नरनं तो काढलाच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडानं जमिनीत विष कालवलं जाईल म्हणून शेतकरी तो घेईनात. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. १९१० साली औंधच्या राजांनी कुंडल रोडजवळ जागा दिली, किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तेच नांगर गावोगाव गेले.

“म्हणजे मी त्या शेतकऱ्यांतला?” मिस्त्री हसले. “आरं, लाकडी नांगर मोडला तर माझा आजा बांधावर नवा करायचा. लोखंडी मोडला तर वाडीला जावं लागायचं. कामाला लोखंडी चांगला, त्यात वाद न्हाई. खरं दुरुस्ती बांधावरनं कारखान्यात गेली. तुझ्या खुंटीचं तेच होणार. पूर आला, लाइट गेली, रस्ते बंद झाले, तुझा लेथ कशावर फिरवणार?”

सांगलीत हा प्रश्न अलंकारिक नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. बोटी कमी पडल्या. जुन्या पुरांत लोकांनी गुऱ्हाळाच्या काहिली पाण्यात लोटून माणसं आणि सामान काढल्याच्या गोष्टी कृष्णा-पंचगंगेच्या काठावर अजून सांगतात. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेकांचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. तिथं खुंटी कशाची होती या प्रश्नाला अर्थ उरत नाही, आणि साहित्याच्या वादात रमलेल्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

पण साध्या दिवशी, साधा भाग मोडतो तेव्हा? टर्नरचं उत्तर तयार होतं. “पुरात तासायला तुम्ही असालच असं कुठंय, मामा? मी एका मापाच्या वीस खुंट्या करून होडीतच डबा ठेवतो. मोडली की दुसरी घाला.”

“एका मापाच्या? तीन नावांची भोकं मी काढलीत, तिन्ही वेगळी.”

“तेच तर म्हणतोय.”

यावर मिस्त्री काही बोलले नाहीत. प्लॅस्टिकपेक्षा मोठा फरक इथं आहे, असं या लेखकाला वाटतं. सुतार भोकाप्रमाणं खुंटी करतो. टर्नरला भोकं आधी एका मापाची हवी असतात. एकदा सगळ्या होड्यांची भोकं एका गिरमिटानं सारखी केली की खुंटी लाकडाची असो वा प्लॅस्टिकची, अदलाबदल होते. आणि ही अर्धी सुधारणा मिस्त्रींच्याच हत्यारानं होते.

राहिली कारागिरी. प्लॅस्टिक कातणं सोपं, असं लोखंड कातणाऱ्यांना वाटतं. टूलला धार मात्र नवी लागते; लोखंडावर बोथटलेलं टूल प्लॅस्टिक कापत नाही, घासतं, आणि घासलं की ते तापतं. यूएचएमडब्ल्यूची चिप तुटत नाही. लांब पांढरी फीत निघते आणि चकला गुंडाळत जाते. ती हातानं ओढायची नाही, मशीन थांबवून आकड्यानं काढायची. चक जास्त आवळला तर जॉब दबतो, गोल कातला तरी चक सोडल्यावर तीन कोपऱ्यांचा होतो. मोठा रॉड कातून थेट माप घेणारा फसतो. आधी एक मिलिमीटर जास्त ठेवून कातावं, रात्रभर ठेवावं आणि दुसऱ्या दिवशी अखेरचा हात फिरवावा. डेलरिन तापून पेटलं तर त्यातून डोळ्यांना झोंबणारा फॉर्माल्डिहाइड निघतो, म्हणून त्याचा भुगा शेकोटीत टाकायचा नाही.

आणि चिकटत काही नाही. यूएचएमडब्ल्यूला फेविकॉल धरत नाही, एपॉक्सी धरत नाही, रंग धरत नाही. ते बोल्टनंच बसतं, तेही खाली रुंद वायसर घालून, कारण सतत दाबाखाली प्लॅस्टिक हळूहळू सरकतं आणि बोल्ट सैल होतो. दोर बांधायच्या खुंट्यावर हा दोष सगळ्यात आधी दिसतो. पांढरं यूएचएमडब्ल्यू उन्हात कालांतरानं ठिसूळ होतं. काजळी घातलेलं काळं जास्त टिकतं. म्हणून होडीवर काळंच घ्यावं.

“आन् खपलेलं कुठं जातं?” मिस्त्रींनी परत विचारलं. “माझ्या बाभळीचा भुसा मासा खातो नाहीतर कुजतो.”

टर्नरकडं याचं पूर्ण उत्तर नव्हतं. जे कमी झिजतं त्याचा भुगाही कमी पडतो, ग्रीसपेक्षा हे बरं, एवढं तो म्हणू शकला. लेथखालची चिप मात्र झाडून पोत्यात भरायची, नदीकाठी कातायचं नाही, यावर दोघांचं चटकन जमलं.

शेवटी ठरलं ते असं: खुंटी बाभळीचीच. ती जिथं बसते त्या भोकात काळ्या यूएचएमडब्ल्यूचा बुश, म्हणजे भोक मोठं होत जाऊन काठाची फळी चिरायची नाही. वल्ह्याच्या गळ्याला कातडं आहे तसं. लाँचच्या शाफ्टला डेलरिनचा बुश, आत खोबणी पाडून. ग्लँडच्या दोरीला हात लावायचा नाही, यावर मिस्त्री ठाम.

टर्नरनं व्हर्नियर काढला आणि भोकाला लावला. मिस्त्रींनी त्याचा हात बाजूला केला. “आत्ता न्हाई. होडी महिनाभर उन्हात आहे, लाकूड आक्रसलंय. पाण्यात उतरव, चार दिवसांनी माप घे.”

“मग बुश मी सकाळी मोजून देतो, दुपारी नको. शंभर मिलिमीटरचा डेलरिनचा तुकडा वीस अंशांनी तापला की दोन दशांश मिलिमीटर वाढतो. लोखंड त्याच्या नवव्या हिश्शाइतकंसुद्धा जेमतेम वाढतं.”

“आन् बोल्ट कशाचा?”

“स्टेनलेसचा.”

“तांब्याचा खिळा का नको?”

“खिळा उपटून बुश बदलायचा कसा, मामा?”